दीड लाखाचा डॅक आणि नऊशेचा डोंगल: सांगलीत डोळे झाकून ऐकलं, त्याची हकीकत

विश्रामबागकर (सांगली)

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मागल्या महिन्यात सातारचे अजिंक्यतारा आणि माझं डॅकवरनं बरंच वाजलं होतं. त्यांचं म्हणणं दीड लाखाच्या डॅकनं गाण्यावरचा पडदा उठतो, माझं म्हणणं तो आणि नऊशेचा अ‍ॅपलचा डोंगल (फोनला इअरफोन जोडायचा छोटा तुकडा, त्यातही डॅक असतोच) यांत फरक ऐकू यायचा नाही. शेवटी ते म्हणाले, बोलून काय उपयोग, मी डॅक घेऊनच येतो. आणि खरंच आले, रविवारी सकाळच्या एसटीनं, डॅक टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून. एवढ्या किमतीची वस्तू दुसऱ्याच्या घरी आणून तपासायला ठेवायची तर मन मोठं लागतं, म्हणून आधीच सांगतो, त्यांच्याबद्दल कुणी वाकडं लिहू नका.

नवीन लोकांसाठी एका ओळीत, डॅक म्हणजे फाईलमधले आकडे वाचून त्याचं व्होल्टेज करणारा तुकडा. मोबाईलमध्ये आहे, टीव्हीत आहे, ब्लूटूथ स्पीकरच्या पोटात पण आहे. तो नसेल तर आवाजच नाही. प्रश्न एवढाच की महागातला घेऊन कानाला काय मिळतं.

तिसरा माणूस म्हणून मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतले तंबोरे करणारे एक कारागीर आले होते, नाव लिहू नको म्हणालेत म्हणून काका म्हणतो. ते का बोलावले ते सांगतो. तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर सुताचा एक धागा असतो, तो केसभर पुढंमागं केला की जवारी (तारेचा झंकार) उघडते नाहीतर बसते. काका तो धागा चिमटीत धरून सरकवतात तेव्हा मला दहा वेळा ऐकून एकदा फरक कळतो, त्यांना हात लावायच्या आधीच कळलेलं असतं. असा कान शेजारच्या गावात असताना आपण आपलेच कान प्रमाण धरून भांडत बसायचं म्हणजे वेळ घालवणं. क्लिप पण त्यांच्याच कारखान्यातली, तंबोऱ्याचं २४ बिट ९६ किलोहर्ट्झचं (सीडीहून बारीक मोजणीचं) रेकॉर्डिंग, २० सेकंदांचं.

मांडणी अशी. लॅपटॉप, दोन्ही डॅक आणि माझा भाचा आतल्या खोलीत, दार बंद. तिथनं लांब वायर हॉलमधल्या, स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्पला. भाचा दर वेळी नाणं उडवणार, छापा आला तर मोठा डॅक, काटा आला तर डोंगल, वहीत लिहिणार आणि क्लिप सुरुवातीपासनं लावणार. आम्ही हॉलमध्ये बसून कागदावर लिहायचं, मोठा की छोटा. प्रत्येकी १६ फेऱ्या. नुसत्या अंदाजावर १६ पैकी ८ बरोबर येतातच. १२ किंवा जास्त आले तर ते नशिबानं यायची शक्यता चार टक्क्यांच्या आत, म्हणून १२ ची रेघ आधीच ठरवली, नंतर नाही.

पहिल्या डावात अजिंक्यतारांचे १६ पैकी १६! माझा चेहराच उतरला. पण काका म्हणाले, "गाणं सुरू व्हायच्या आधी टक करतंय की ते." आणि खरंच, मोठ्या डॅकमध्ये रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) आहे, सिग्नल आला की तो टक वाजतो आणि बंद दारातनंही बारीक ऐकू येतो. अजिंक्यतारांना स्वतःलाही जाणवलं नव्हतं की आपण त्या टकवरनं ओळखतोय, त्यांना वाटत होतं तंबोराच वेगळा लागतोय. ही गोष्ट मला सगळ्या दिवसात सगळ्यात मोलाची वाटली. कानानं एक पुरावा गुपचूप घेतला आणि मनानं त्याचं भाषांतर 'स्वच्छ, मोकळा आवाज' असं करून दिलं.

मग भाच्याला दर वेळी आधी पाच सेकंद शांत फाईल लावायला सांगितलं आणि खोलीतला पंखा फुल्ल केला. टक बुडाला. तरी अजिंक्यतारांचे १४ आले. काकांचे १३. माझे १३. आता मात्र मी हरलो असं धरूनच चाललो होतो.

पण आवाजाची पातळी आम्ही कानानं जुळवली होती. मल्टिमीटर काढला, १०० हर्ट्झचा टोन लावला (साधा मीटर एसीला खालच्या फ्रिक्वेन्सीवरच भरवशाचा असतो, १० किलोहर्ट्झवर मोजायला जाऊ नका), डोंगल १.०० व्होल्ट आणि मोठा डॅक १.१५. म्हणजे सव्वा डेसिबल जास्त. सव्वा डेसिबलला कुणी 'आवाज मोठा आहे' असं म्हणत नाही, आमच्या तिघांपैकी एकानंही तसं लिहिलं नव्हतं. कागदावर काय होतं बघा: 'तारा सुट्या', 'खर्ज भरीव', 'मागची जागा खोल'. हे सगळं त्या सव्वा डेसिबलनं बोलायला लावलं होतं.

मोठ्या डॅकचा व्हॉल्यूम उतरवून दोन्ही १ टक्क्याच्या आत आणले, १.०० आणि १.०१. पुन्हा १६ फेऱ्या. अजिंक्यतारा ९, काका ८, मी ७.

एवढ्यावरच थांबलो असतो, पण निघताना चपला घालत काका म्हणाले, "ते डबडं कुठलंपण लावा, तुमच्या डाव्या बाजूची जवारी बसलीय." मी म्हणलं काका रेकॉर्डिंगच तसं असेल. तर म्हणाले उलटं करून बघा. डावा स्पीकर उचलून उजवीकडं नेला, काका डोळे मिटून, "आता उजवीकडं बसली." स्पीकर खोलला तर ट्वीटरचा (वरचे बारीक सूर काढणारा छोटा स्पीकर) वायर जोडायचा लग काळा पडून सैल झालेला. सँडपेपरनं घासला, नवीन सोल्डर मारलं, मोनो पिंक नॉइज (दोन्हीकडं एकसारखी खरखर) लावून दोन्ही बाजू ताडून बघितल्या आणि चार वर्षांत पहिल्यांदा आवाज माझ्या हॉलच्या बरोबर मधोमध येऊन बसला. या चार वर्षांत आवाज दबलाय म्हणून मी तीन डॅक बदलले होते.

अजिंक्यतारा (सातारा)

विश्रामबागकरांनी जसं घडलं तसंच लिहिलंय, एक अक्षर जास्त नाही. पाहुणचार पण उत्तम झाला, येताना भडंगाचा पुडा दिला.

माझी बाजू मांडतो. १६ पैकी ९ आले हे मान्य. पण परीक्षेला बसल्यासारखं ऐकणं वेगळं आणि रात्री साडेदहाला दिवा बंद करून एक बैठक पूर्ण ऐकणं वेगळं. मला माझ्या घरी दोन तास ऐकून कान थकत नाहीत, जुन्या डॅकवर थकायचे. २० सेकंदांच्या क्लिपमध्ये थकवा कसा मोजणार? दुसरं, मोठ्या डॅकचा व्हॉल्यूम डिजिटल उतरवला, म्हणजे त्याचे बिट कापले, आकड्यांची बारकाई कमी केली, आणि मग डोंगलशी तुलना केली. हे बरोबरीचं झालं का, हा प्रश्न मला परतीच्या गाडीत कराडच्या पुढं सुचला.

आणि टकबद्दल, खरं सांगतो, अजून विश्वास बसत नाही. मी शपथेवर सांगितलं असतं की मी तंबोरा ऐकूनच लिहीत होतो.

यार्डातला_मीटर (सांगली)

अजिंक्यतारा दादा, बिट कापल्याची शंका रास्त आहे पण हिशेब करा. ६ डेसिबल उतरवलं की १ बिट जातो. तुमच्या डॅकच्या आत हिशेब ३२ बिटचा चालतो आणि आवाज खरा अडतो तो चिपच्या अ‍ॅनलॉग नॉइजपाशी, म्हणजे तिच्या स्वतःच्या सूक्ष्म खरखरीपाशी. २४ बिटचे कागदावर १४४ डेसिबल होतात पण तिथपर्यंत पोचणारा डॅक कुणीच विकत नाही. सीडीचे १६ बिट म्हणजे ९६ डेसिबल. रविवारी दुपारी विश्रामबागेतल्या हॉलमध्ये पंखा, रिक्षा आणि कुकर धरून शांतताच ४० डेसिबलची असते. त्या खाली गाडलेला एखादा बिट कुणाच्या कानाला लागणार?

स्वस्त डॅक इतका चांगला कसा झाला हे आमच्या मार्केट यार्डाच्या भाषेत सांगतो, कारण हे कळलं की अर्धा वाद मिटतो. जुन्या पद्धतीचा शिडीचा डॅक म्हणजे १६ वजनांचा तराजू समजा. सगळ्यात छोटं वजन १ ग्रॅम, मग २, ४, ८, असं दुप्पट करत सोळावं वजन ३२ किलो ७६८ ग्रॅम. आता हळद तोलताना ते मोठं वजन दोन ग्रॅमनं जरी चुकलं तरी तुमच्या एक ग्रॅमच्या वजनाला काही अर्थ उरला का? नाही. म्हणून ते मोठं वजन, म्हणजे चिपमधला रेझिस्टर, अतिशय अचूक घासून करावा लागायचा, आणि पैसा तिथं जायचा.

नंतरच्या डेल्टा-सिग्मा चिपनं ही भानगडच सोडली. तिच्याकडं जवळजवळ एकच वजन, पण ते ती सेकंदाला २८ लाखांच्यावर वेळा ठेवते आणि उचलते (४४,१०० गुणिले ६४) आणि सरासरी घेते. अचूक घासायची गरज नाही, फक्त घड्याळ जलद पाहिजे, आणि जलद घड्याळ सिलिकॉनमध्ये स्वस्तात मिळतं. म्हणून पीसीएम ५१०२ चिपचा बोर्ड आज काही शेकड्यात येतो आणि सीडीला लागेल त्याहून जास्त काम करतो. यात कुणाची फसवणूक नाही, तंत्रच बदललं.

मोठ्या प्रमाणावरचं सांगायचं तर २००७ साली मेयर आणि मोरान या संशोधकांनी हाय-रेझोल्यूशन (सीडीहून बारीक मोजणीच्या) गाण्याच्या वाटेत मुद्दाम सीडी दर्जाचा टप्पा घालून लोकांना ओळखायला लावलं, ५५४ फेऱ्यांत २७६ बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ ला रीस यांनी १८ प्रयोग एकत्र केले, १२,५०० हून जास्त फेऱ्या, त्यात ५२.३ टक्के आले आणि शिकवलेल्या कानांचे त्याहून बरे. म्हणजे काहीच नाही असं नाही, पण 'पडदा उठला' म्हणावं असं तर अजिबात नाही. आणि हे दोन्ही हाय-रेझ विरुद्ध सीडी होतं, दोन बऱ्या डॅकमधला फरक त्याहूनही बारीक.

गावभाग_७ (सांगली)

मला तर डॅकचा फरक ऐकू येतो बाबा, आणि तो पण बहिऱ्याला कळेल असा. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधनं घुंsss आणि माउस हलवला की किर्र किर्र. एका दुकानदारानं सांगितलं डॅक चांगला नाही म्हणून होतंय, २२ हजारांचा घ्या, बंद होईल. सहा महिने पैसे साठवून घेतला, घुं तसंच आहे. परत करायला गेलो तर म्हणाला पेटी फोडली की आमच्याकडं परत घेत नाहीत. जुना वाडा आहे आमचा, अर्थिंगचं काय ते माहीत नाही. काय करू?

विश्रामबागकर (सांगली)

गावभाग, आधी एक कर. चार्जर काढून बॅटरीवर लाव. घुं गेलं तर तो ग्राउंड लूप आहे, डॅकचा काही दोष नाही. लॅपटॉपची जमीन (अर्थ) एका वाटेनं आणि अ‍ॅम्पची दुसऱ्या वाटेनं जातीय आणि मधल्या यूएसबी वायरमधनं तो करंट फिरतोय. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डला लावून बघ. तरी राहिलं तर ऑप्टिकल वायर, त्यातनं प्रकाश जातो, वीज जातच नाही, लूप तिथंच तुटतो. तुझ्या २२ हजारवाल्याला ऑप्टिकल इनपुट बहुतेक असेल, बघून घे, आणि टीव्हीच्या मागं बहुतेक आऊटपुट असतं, टीव्हीवरनं गाणं लावून खात्री करून घे. वायर दोन-अडीचशेत येती.

पण अर्थिंग मात्र वायरमनला बोलावून तपासून घे. ती तिसरी पिन कुणी सांगितलं म्हणून काढू नको, घुं जाईल पण कधीतरी अ‍ॅम्पच्या पत्र्याला हात लावशील आणि झटका बसंल.

गंधारी (मिरज)

काकांचा कान मला माहीत आहे, माझा तंबोरा त्यांच्याकडंच लावून घेते. पण गाणं शिकणारी म्हणून वेगळंच सांगावंसं वाटतं. तुम्ही सगळे शेवटच्या डबड्याबद्दल, म्हणजे डॅकबद्दल बोलताय, मला रोज भेडसावतो तो पहिला टप्पा.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ ला गेले, आमच्या मिरजेत दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथं अजून गायक हजेरी लावतात. त्यांचं जे काही आपल्याकडं आहे ते लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांवरचं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्या तबकडीच्या खरखरीखाली सीडीच्या ९६ डेसिबलपैकी निम्मेही वापरले जात नाहीत. पण ती तबकडी कुणी, कोणत्या सुईनं आणि कोणत्या वेगानं उतरवली यावर सगळं अवलंबून. नावाला ७८, तेव्हा वेग सगळीकडं नेमका पाळला जायचाच असं नाही. वेग सहा टक्क्यांनी वाढला की काळी एकचं गाणं अर्ध्या सुरानं वर, पांढरी दोनला जाऊन बसतं, आवाजाचा पोतच बदलतो, तान उगाच चपळ वाटते. माझ्याकडं एकाच तबकडीच्या तीन फाईली आहेत, तिन्हीत षड्ज वेगळा. यातली खरी कोणती ते ठरवायला मी कान घासते, आणि दीड लाखाचा डॅक चुकीच्या षड्जाची फाईल चुकीच्या षड्जातच लावतो, अगदी प्रामाणिकपणे.

अजिंक्यतारा दादांना राग येऊ नये, पण त्या पैशात चार चांगल्या बैठका समोर बसून ऐकता येतात.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, राग कसला. बैठकाही ऐकतोच. षड्जाचा मुद्दा माझ्या ध्यानात कधीच आला नव्हता, माझ्याकडच्या फाईली आज रात्री ताडून बघतो.

वाईकर_बाबू (वाई)

एक व्यवहारातला प्रश्न, तो अ‍ॅपलचा नऊशेवाला डोंगल मी पण आणला, माझ्या अँड्रॉइड फोनला लावला तर आवाज एवढुसा येतो, तुमचा १ व्होल्ट कुठनं आला? खराब पीस मिळाला का?

यार्डातला_मीटर (सांगली)

पीस चांगला आहे, अँड्रॉइडवर हा नेहमीचा त्रास आहे. डोंगलचा स्वतःचा व्हॉल्यूम खाली राहतो आणि फोन तो वर नेत नाही. लॅपटॉपला लाव, पूर्ण मिळेल, विश्रामबागकरांनी लॅपटॉपच वापरला होता. फोनवरच पाहिजे असेल तर यूएसबी डॅक थेट चालवणारं प्लेअर अ‍ॅप घ्यावं लागेल, नाहीतर दुसऱ्या कंपनीचा डोंगल बघ.

आणि स्वस्त ते सगळंच चांगलं असंही कुणी समजू नका. शंभर-दीडशेच्या बिननावाच्या डोंगलमधनं सुंई वाजताना मी स्वतः ऐकलीय, आणि ज्यांचा आऊटपुट इंपिडन्स (आतला विजेला होणारा अडथळा) जास्त असतो ते १६ ओहमच्या इअरफोनचा तोलच बदलतात, खर्ज फुगतो नाहीतर वरचं बसतं. हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी पाहिजे, म्हणजे १६ ला २ ओहमच्या आत. उलट काही महाग शिडीवाले डॅक मुद्दाम फिल्टर न लावता विकतात, त्यांचा आवाज २० किलोहर्ट्झला ३ डेसिबल उतरलेला असतो. तो फरक तरुण कानाला जाणवेलही, आणि कुणाला तो मऊपणा आवडत असेल तर खुशाल घ्यावा. पण तो चव म्हणून घ्या, जास्त खरा म्हणून नको.

गावभाग_७ (सांगली)

केलं! बॅटरीवर पूर्ण बंद. एका बोर्डला लावून निम्मं राहिलं. टीव्हीवरनं ऑप्टिकल लावली तर काहीच नाही, एकदम चिडीचूप, आईनं विचारलं बंद पडलं का. अडीचशे रुपये. वायरमन उद्या येणारे, म्हणाला वाड्यातला अर्थिंगचा खड्डा कधी भरलाय ते कुणाला माहीत.

विश्रामबागकर (सांगली)

भारी! वायरमन काय म्हणतो ते पण कळव.

अजिंक्यतारा दादा, तुमचा थकव्याचा मुद्दा मी हवेत सोडलेला नाही. १६ फेऱ्यांत तो मोजता येत नाही हे खरंच आहे. गंधारी ताई म्हणतात तसं पैसे बैठकांवर घालवायचे की कशावर तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण तुम्हाला रात्री दोन तास बसून जे जाणवतं ते खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही, फक्त ते डॅकमुळं आहे का एवढंच बघायचंय. म्हणून एक प्लायवूडची पेटी केलीय. आत दोन्ही डॅक, एक वायर आत जाणारी आणि एक बाहेर येणारी, पातळी मीटरनं जुळवलेली, रिलेचा टक ऐकू येऊ नये म्हणून आत फोम. कोणता चालू आहे ते मागच्या स्विचवर, त्यावर झाकण. तुमच्याकडं महिनाभर राहू दे. वहिनींनी दर रविवारी सकाळी नाणं उडवून स्विच ठरवायचा आणि चिठ्ठी पाकिटात घालून ठेवायची, तुम्ही रोज रात्री झोपताना एवढंच लिहायचं, कान थकला की नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

कबूल. चार रविवार कमी पडतील असं मीटरवाल्यांचं गणित सांगेल, म्हणून आठ करू, आणि नाणं आठवड्याला नाही, दर तीन दिवसांनी. सौ.ला विचारलं, ती म्हणाली चिठ्ठ्या मी लिहीन पण पाकिटं माझ्या कपाटात राहतील आणि किल्ली तुम्हाला मिळायची नाही.

काकांना पण विचारा, पेटी करताना एकदा त्यांच्या कानाखालनं घाला. त्यांनी फोममधनंही टक ऐकला तर पहिल्यापासनं सुरू करावं लागंल.

विश्रामबागकर (सांगली)

आज संध्याकाळीच मिरजेला घेऊन गेलो होतो. काकांनी पेटीला कान लावला, दोन बोटांनी वरनं ठोकून बघितलं आणि म्हणाले टक नाही, पण झाकणाचं प्लाय पातळ आहे, खर्जाला ते स्वतःच वाजतंय. तूनच्या लाकडाची एक पट्टी दिली त्यांनी, तंबोऱ्यातनं उरलेली. ती आतनं चिकटवलीय, फेविकॉल वाळायला रात्रभर ठेवतो. रविवारच्या पहिल्या गाडीनं येतो, स्टँडवर या.